लाल वायरचं घर

दादा,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. गॅलरीत खुर्च्या मांडल्या होत्या. चार जण तुझ्याबद्दल चांगलं बोलले. एक जण तर म्हणाला, तू आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाहीस. मी तुझ्या फोटोकडे बघितलं. इस्त्रीची वायर कापली गेली तरी मी ती तशीच वापरत होते, तेव्हा तू भर चाळीत मला ज्या शब्दांत झापलं होतंस, ते मला अजून पाठ आहेत. पण फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या की माणूस आपोआप शांत स्वभावाचा होतो. मग मलाही बोलायला सांगितलं. मी उठले, "माझा भाऊ" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांना वाटलं, बाईंना भरून आलं. भरून आलं नव्हतं रे. जे बोलायचं होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

मी तुझ्याशी खोटं बोलले होते. तुला हॉस्पिटलात न्यावं लागलं त्याच्या चार दिवस आधी, दुपारी चारच्या सुमाराला, तुझं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं तेव्हा. तू विचारलंस, "काय झालं गं?" आणि मी म्हणाले, "सप्लाय गेला होता." सप्लाय गेला नव्हता. हे तुला सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं असंही नाही, मी सांगितलं नाही.

आपली खोली दहा बाय बारा. तुझ्या नाकातली नळी सात मीटर. ती पलंगापासून मोरीपर्यंत पोचायची, कपाटापर्यंत पोचायची, दारातून बाहेर गॅलरीतल्या दुसऱ्या खांबापर्यंत पोचायची आणि तिथे संपायची. दुसऱ्या खांबापाशी उभं राहिलं की भोईवाड्याचा रस्ता अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा बघायला तिसऱ्या खांबापर्यंत जावं लागतं. अकरा महिने तू अर्धा रस्ता बघितलास. तीन मजले उतरवायचे तर चार माणसं आणि एक खुर्ची लागली असती, आणि खाली जाऊन करणार काय, असं तूच म्हणायचास. चिंचपोकळीच्या गाळ्यात तीस वर्षं मोटरी रिवाइंड करताना वार्निशच्या धुरात जी फुफ्फुसं तू घालवलीस, त्यांना खालची हवा वेगळी थोडीच मिळणार होती.

नळी तुझ्या नाकात होती, पण बांधलेली मीही होते. शाळेत जायचं तर आधी शेजारच्या परब काकूंना विचारायचं, त्या येऊन बसल्या की निघायचं, आणि घंटा झाली की धावत परत. बाजारातून यायला पाच मिनिटं उशीर झाला की तू काही बोलायचा नाहीस, फक्त घड्याळाकडे बघायचास. त्या बघण्याचा मला फार राग यायचा. हेही आता सांगून टाकते. आणि त्या मशीनची घरघर! झोपताना घरघर, पेपर तपासताना घरघर, जेवताना घरघर. ती चालू असली की डोकं उठायचं, आणि जरा आवाज बदलला की हातातलं टाकून मी तिकडे धावायचे.

पण ते मशीन पहिल्या दिवशी आलं तेव्हा तुझा चेहरा कसा उजळला होता! मशीन पोचवायला आलेल्या माणसाला मी विचारत होते, किती लिटर देतं, किती टक्के शुद्ध देतं. तू धापा टाकत म्हणालास, "बाई, ते नंतर. आधी मागची पाटी वाच." मी शाळेत नोकरीला लागल्यापासून तू मला बाईच म्हणायला लागलास, चिडवायला सुरुवात केलीस आणि मग तेच माझं नाव झालं. मी मागे वाकून पाटी वाचली. इनपुट, दोनशे तीस व्होल्ट. तू म्हणालास, "बघ. काय देतं ते सगळे विचारतात. त्याला काय लागतं ते कोणी विचारत नाही."

त्याला दोनशे तीस लागत होतं आणि आपल्या खोलीत त्याच्या आसपास सकाळी सातलाच मिळायचं. ऊन चढलं, सगळ्या चाळीचे एसी सुरू झाले की आकडा घसरायला लागायचा. दोनशे, एकशे नव्वद, कधी त्याहून खाली. तू स्वतः गुंडाळलेला स्टॅबिलायझर मधे होता म्हणून मशीन चालायचं, पण फारच खाली गेलं की तोही हात वर करायचा, आणि मशीन शिट्टी मारत बंद पडायचं.

मी तक्रार केली. वीज कंपनीचा माणूस आला, खाली मीटररूममध्ये मोजून गेला, म्हणाला, "दोनशे अठ्ठावीस आहे, सप्लाय ओके." तू पलंगावरून ओरडलास, म्हणजे जेवढं ओरडता येत होतं तेवढं, "अरे, वर येऊन मोज ना! लोड चालू असताना मोज!" तो केव्हाच गेला होता. मग चाळ कमिटीचे सेक्रेटरी म्हणून परब काका आले. त्यांना तू किती शांतपणे समजावलंस. खाली सगळ्यांनी नळ उघडले की तिसऱ्या मजल्यावर धार बारीक होते ना, तसंच आहे. खाली दाब भरपूर आहे. पण वर येणारी वायर साठ वर्षांची, गंजलेली, तिच्यातून सगळे मिळून एवढा करंट ओढतायत की बराचसा दाब वाटेतच संपतो. वायर बदला.

काका म्हणाले, "तुझा बरोबर आसा रे. पण दोन वर्सांत बिल्डिंग पाडतले. आता नवीन वायर कित्याक? लोक पैसे काढूचे नाय."

"काका, मी शाळेत होते तेव्हापासून दोन वर्षांत पाडतायत," मी म्हणाले.

"बाई, माका काय सांगतंस? माझा आयुष्य गेला हय."

ते हसले, तूही हसलास. मला हसू आलं नाही. ही चाळ पाडत नाहीत म्हणून आपण इथून सुटत नाही, आणि पाडणार आहेत म्हणून इथे काही दुरुस्त होत नाही. या दोघांच्या मधे तुझी नळी लोंबत होती.

आणि तरी या सगळ्यात आपण भांडत काय होतो? तर करंट वाढतो की कमी होतो, यावर. मी म्हणायचे, व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. वीस वर्षं दहावीला शिकवतेय. विभवांतर कमी, विद्युतधारा कमी, फळ्यावर लिहून देते, पोरं पाठ करतात, मार्क मिळवतात. तू म्हणायचास, "ते तुझ्या पुस्तकातल्या तारेला सांग. हे मशीन आहे. व्होल्टेज पडलं की हे जास्त ओढतं."

"ओढतं म्हणजे? करंट सप्लाय देतो."

"सप्लाय व्होल्टेज देतो. करंट कोणी देत नाही, बाई. ज्याला लागतो तो ओढतो."

हे भांडण महिनाभर चाललं. शेवटी मेच्या सुट्टीत तू म्हणालास, चल, मोजूनच टाकू. एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतलास, त्याची एक वायर मधेच कापलीस आणि दोन टोकं बाहेर काढलीस. त्या वेळी तू जे म्हणालास ते मी विसरणार नाही. "व्होल्टेज बाहेरून बघता येतं. दोन बाजूंना दोन पिना लावल्या, झालं. करंट बघायचा तर वायर तोडून मधे उभं राहावं लागतं." मग तुझ्या गाळ्यातल्या मल्टिमीटरची, म्हणजे आपल्या मीटरची, लाल वायर व्होल्टच्या घरातून काढून अँपिअरच्या घरात घातलीस. घर हा तुझाच शब्द. मीटरच्या तळाशी ती जी गोल खोबण असते, तिला तू कायम घरच म्हणालास.

सकाळी सातला दोनशे बावीस व्होल्ट आणि एक पूर्णांक सात अँपिअर. दुपारी चारला एकशे ब्याऐंशी व्होल्ट आणि दोन पूर्णांक एक. मी आकडा तीनदा बघितला. खरंच वाढला होता. जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागे, आधीच्या दोन दिवसांच्या चारच्या व्होल्टखाली, मी लिहून घेतलं आणि सवयीने गुणाकार केला. सकाळचे तीनशे सत्याहत्तर, दुपारचे तीनशे ब्याऐंशी. जवळजवळ सारखेच! म्हणजे मशीनला काम तेवढंच करायचंय, दाब कमी मिळाला तर ओढून ओढून ते तेवढंच पुरं करतं. हा गुणाकारही मी वीस वर्षं शिकवत होते, पण पुढच्या पानावर. दोन्ही पानं एकत्र कधी वाचलीच नव्हती.

"पाच वॉटचा फरक आहे," मी हरायचं नाही म्हणून म्हणाले.

"तो स्टॅबिलायझरने खाल्ला," तू म्हणालास आणि हसायला लागलास. मग छातीवर हात ठेवून म्हणालास, "हे पण तसंच झालंय बघ. मिळतं कमी, म्हणून खेचतंय जास्त. तापणारच." तुझा श्वास मिनिटाला किती वेळा वरखाली होतो ते मी रोज मोजत होते. ते का वाढत चाललं, हे मला त्या दिवशी कळलं, ते तुझ्या तोंडून, आणि तू हसत असताना.

त्या हसण्यातच तुला ठसका लागला. मी तुझी पाठ चोळली, पाणी दिलं, पसारा आवरला, बोर्ड पलंगाखाली सरकवला आणि मीटर कपाटावर ठेवला.

तुझा एक नियम होता, गाळ्यात भिंतीवर खडूने लिहिलेला. करंट मोजून झाला की लाल वायर आधी तिच्या घरी, म्हणजे व्होल्टच्या घरात, मग चहा. कारण अँपिअरच्या घरात असताना मीटर म्हणजे नुसती सरळ तार. ती तशीच नेऊन प्लगमध्ये घातली की शॉर्ट. तीस वर्षांत तू हे एकदा विसरला नव्हतास. त्या दिवशी ठसका लागला आणि विसरलास. पण मीटर उचलून ठेवला मी. शाळेत सर्किट शिकवणारी मीच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तू झोपला होतास. स्टॅबिलायझर टकटक करायला लागला. किती खाली गेलं ते बघावं म्हणून मी मीटर घेतला, खटका व्होल्टवर फिरवला, आकडा बघायच्या तयारीने चष्मा लावला आणि दोन्ही पिना प्लग पॉइंटमध्ये घातल्या. फाडकन आवाज आला, निळा जाळ झाला, पिनेचं टोक वितळून काळं पडलं. मशीनची शिट्टी सुरू झाली. दाराजवळचा एमसीबी पडला होता, तो वर केला तरी काही नाही. खाली मीटररूममधला आपल्या खोलीचा फ्यूजही उडाला होता. तू डोळे उघडलेस, मी अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर तुझ्याजवळ ढकलला, त्याची चावी तुझ्या हातात दिली आणि तूच आधी तार बांधून खिळ्याला टांगून ठेवलेला जादा फ्यूज घेऊन पळत सुटले.

परत आले तेव्हा तू सिलिंडरची नळी नाकाशी धरून बसला होतास. ओठ निळसर. चावी तुझ्याच्याने पटकन फिरली नव्हती, हे तुझ्या बोटांवर उमटलेल्या वळांवरून कळत होतं. "काय झालं गं?" "सप्लाय गेला होता." तू म्हणालास, "हं." आणि डोळे मिटलेस. भिंतीपलीकडे परब काकांचा टीव्ही मोठ्याने चालू होता.

मी मीटर साड्यांच्या खाली लपवला. चार दिवसांनी तुला ताप आला, मग खुर्ची आली, चार माणसं आली, आणि तू अकरा महिन्यांनी खाली उतरलास. डॉक्टरांना मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, त्या काही मिनिटांचा आणि या इन्फेक्शनचा संबंध नाही, हे होणारच होतं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते माझ्याकडे जरा निरखून बघायला लागले, म्हणून तिसऱ्यांदा विचारलं नाही.

सोमवारी मी लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेले आणि मीटरच्या आतला फ्यूज विकत आणला. तो त्या दिवशी उडाला असणारच. निदान तुझा मीटर तरी होता तसा करून ठेवावा. घरी येऊन साड्या बाजूला केल्या, मीटर काढला आणि तशीच जमिनीवर बसले. पिनेचं टोक चकचकीत होतं. कोणीतरी कानशीने घासून साफ केलं होतं. मागचे स्क्रू सोडले. आत फ्यूज नवा होता. जुना, आतून काळा पडलेला, तुझ्या स्क्रूंच्या डब्यात सगळ्यात वर ठेवलेला सापडला. लाल वायर व्होल्टच्या घरात होती. आणि अँपिअरच्या घरावर पांढरी चिकटपट्टी लावली होती, नळी गालावर चिकटवायला वापरायचो ना, तीच. दोन थर, नखाने दाबून बसवलेले.

मी औषधं आणायला गेले असताना केलंस ना? कपाटापर्यंत नळी पोचायची. साड्यांची घडीसुद्धा परत तशीच घातलीस, जी तुला जन्मात कधी जमली नव्हती.

म्हणजे तुला माहीत होतं. परब काकांचा टीव्ही मधे बंदच पडला नव्हता, त्यावरूनच कळलं असणार तुला. मग बोलला का नाहीस? इस्त्रीच्या वायरवरून चाळ डोक्यावर घेणारा माणूस, यावर एक अक्षर नाही? वायर परत घरी न्यायला आपण विसरलो, हे तुला लागलं म्हणून? की बाईंची लाज राखायची म्हणून? मी तुझी चूक झाकत होते असं मी स्वतःला सांगत होते, आणि तू माझी झाकत होतास. दोघं एकाच खोलीत, एकाच घरघरीत, चार दिवस एकमेकांशी वरण-भाताबद्दल बोलत होतो. मला तुझा इतका राग आला, दादा, की मी तो काळा फ्यूज फेकून दिला. मग पलंगाखाली जाऊन शोधून काढला.

पण एक गोष्ट तुला कळली नसणार. मीटर उघडून ती दिसत नाही.

खाली जायचं, फ्यूज लावायचा, वर यायचं, याला चार मिनिटं लागतात. मला सात लागली. फ्यूज लावून झाला होता. मीटररूममध्ये गार होतं, अंधार होता. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की इथे घरघर ऐकू येत नाही. कोणी हाक मारत नाही, कोणी घड्याळाकडे बघत नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा मला कोणी ओढत नव्हतं. मी भिंतीला पाठ टेकून उभी राहिले. वर तू चावीशी झटत होतास हे मला माहीत होतं, आणि तरी उभी राहिले. मग भानावर आले आणि पळाले. हे मी तुला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही. आता सांगितलं.

भाड्याचं मशीन त्यांनी नेलं. खोलीत शांतता आहे, हवी होती तेवढी. मला ती सोसत नाही, म्हणून गॅलरीत जाते आणि पाय आपोआप दुसऱ्या खांबाशी थांबतात.

सोमवारपासून रोज चार वाजता मी त्याच प्लग पॉइंटमध्ये पिना घालून व्होल्टेज मोजतेय. आधी लाल वायर बघते, मग घालते. बाहेर ऊन तेच, चाळीतले एसी तेच, वायर तीच. एका रीडिंगवर निष्कर्ष काढायचा नाही असं मी पोरांना सांगते, म्हणून पाच दिवस थांबले. तुझ्या वेळचे आकडे त्या उत्तरपत्रिकेच्या मागे आहेतच, चारचं रीडिंग एकशे ब्याऐंशी, एकशे एक्याऐंशी, एकशे त्र्याऐंशी. आता येतं एकशे शहाऐंशी. आज शुक्रवार, आजही तेवढंच.

चार व्होल्ट. अकरा महिने मला वाटत होतं, माझ्यात होतं नव्हतं ते सगळं तू ओढून घेतोयस. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "बाई, व्होल्ट ओढत नाहीत. करंट ओढतात, व्होल्ट पडतात." बरं. तुझ्यामुळे चार व्होल्ट पडत होते.

चारच, दादा.